खाली सही कोणाची?

भिंतीवरचं चित्र आवडलं, फोटो काढला, प्रिंट मारली, विकून टाकली. इतकं सोपं असतं का ते? मानोऱ्यातली एक भिंत आणि पंचवीस प्रिंट्स यांची ही गोष्ट.

तुमच्या होस्टेलच्या खोलीत, पलंगाच्या वरच्या भिंतीवर काय चिकटवलंय ते एकदा बघा. लाल फुगा हातातून सुटलेली मुलगी? सनग्लासेस घातलेली मोनालिसा? वारली नाच असलेलं कॅलेंडर? आता दुसरा प्रश्न. ते कोणी काढलंय, माहितेय? आणि तुम्ही दिलेल्या दीडशे रुपयांतला एक तरी रुपया त्या माणसापर्यंत गेला असेल का?

डोळे मिटून 'नाही' म्हटलंत तरी चालेल. मीही तेच म्हटलं असतं. उलट मी तर त्याच्या पुढे गेले होते.

झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत मी अमरावतीहून घरी, मानोऱ्याला आले होते. वाशीम जिल्ह्यातलं आमचं हे तालुक्याचं गाव. इथे भिंती म्हणजे बियाण्यांच्या, सिमेंटच्या आणि तंबाखूच्या जाहिराती. नात्यातल्या एका काकांच्या कृषी केंद्राची बाजूची भिंत अशीच होती, जुनी कीटकनाशकाची जाहिरात अर्धी उडालेली. काकांना विचारलं, ते म्हणाले, 'कर काय करायचं ते, दुकानाचं नाव तेवढं झाकू नको.' मग जुन्या एक्स-रेच्या फिल्म कापून स्टेन्सिल केले, स्प्रेचे डबे आणले आणि दोन रात्रीत भिंतीवर एक डिझाइन उभं केलं. तिरप्या चौकोनात आरसा, भोवती त्रिकोणांची रांग, कडेला कवड्या. लाल, पिवळा, निळा. रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले. पोरंपोरी सेल्फी काढायला लागल्या. मी हवेत!

हवेत असताना माणूस धंदा करतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका स्क्रीन प्रिंटरकडे जाऊन मी त्याच डिझाइनच्या तीन रंगांत पंचवीस प्रिंट काढल्या. प्रत्येक रंगाची वेगळी जाळी, एकावर एक रंग. एका प्रिंटला साठ रुपये पडले. खाली पेन्सिलने १/२५, २/२५ असे आकडे टाकले, झोकात सही केली आणि कॉलेजच्या फेस्टमध्ये दोनशे रुपयांना एक अशा विकल्या. एकवीस गेल्या. 'लिमिटेड एडिशन, परत छापणार नाही' असं पाटीवर लिहिलं होतं ना!

महिन्याभराने घरी आले तर चौकात एक भलामोठा फ्लेक्स. एका क्लासची जाहिरात. मागे माझी भिंत. माझा आरसा, माझे त्रिकोण आणि त्यांच्यावर ऐटीत टॉपर मुलांचे फोटो. ना विचारलं, ना नाव दिलं. मी संतापून माझ्या मैत्रिणीला फोन लावला. ती याच तालुक्यातल्या एका तांड्यावरची. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'तू याडीले विचारलं होतं का गं?'

याडी म्हणजे आई. त्या भिंतीवरचं डिझाइन तिच्या आईच्या फेटियावरचं होतं. वर्षभरापूर्वी त्यांच्या घरी जेवायला गेले होते, तेव्हा मी त्या फेटियाचा फोटो काढला होता.

आकड्यांमागचा शब्द

आधी हे 'लिमिटेड एडिशन' प्रकरण समजून घेऊ, कारण ऑनलाइन तो शब्द आता चहाच्या कपावरही छापून येतो.

प्रिंटच्या खाली ७/५० लिहिलेलं असतं तेव्हा कलावंत तुम्हाला एक शब्द देत असतो. या चित्राच्या एकूण पन्नासच प्रती निघाल्या, तुमची सातवी, एक्कावन्नावी निघणार नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये हे अगदी डोळ्यांसमोर घडतं. काम संपलं की छापणारा जाळी धुऊन टाकतो, चित्र गेलं. पुढच्या लग्नपत्रिकेसाठी जाळी मोकळी. डिजिटल प्रिंटमध्ये मात्र फाइल कॉम्प्युटरवर बसूनच असते. तिथे 'लिमिटेड' हा फक्त तुमच्या शब्दाचा प्रश्न उरतो.

बँक्सीचं उदाहरण घ्या. इंग्लंडमधला हा स्ट्रीट आर्टिस्ट भिंतींवर रात्रीतून चित्रं काढून गायब होतो. त्याच्या फुगेवाल्या मुलीच्या प्रिंट्स २००४ मध्ये निघाल्या, दीडशे सहीच्या आणि सहाशे बिनसहीच्या. भिंतीवरचं चित्र सगळ्यांचं, पण या साडेसातशे कागदांना आज प्रचंड भाव आहे. त्याच मुलीचं एक फ्रेममधलं चित्र ५ ऑक्टोबर २०१८ ला लंडनच्या सदबीजमध्ये दहा लाख पौंडांच्या वर विकलं गेलं आणि हातोडा पडताच फ्रेममध्ये लपवलेल्या यंत्राने ते अर्धं कापून काढलं. २०२१ मध्ये ते फाटकं चित्र एक कोटी ८५ लाख पौंडांच्या पुढे गेलं. बाजाराची खिल्ली उडवायला गेलेलं चित्र बाजाराने आणखी महाग करून विकलं.

आता याच्या बरोबर उलट माणूस. राजा रविवर्मा. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं ओलिओग्राफच्या रूपात घरोघरी पोचवली. नंतर तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे आकडे नव्हते, 'परत मिळणार नाही' नव्हतं. जितकी लागतील तितकी छापा. ज्यांना तैलचित्र कधी दिसलंही नसतं त्यांच्या देव्हाऱ्यात चित्र आलं. पुढे त्याच चित्रांच्या नकला कॅलेंडरांवर आणि मालाच्या लेबलांवर किती झाल्या, मोजदाद नाही. आपल्या डोळ्यांसमोर लक्ष्मी जशी येते ना, तिच्यात त्या छापखान्याचा मोठा वाटा आहे.

म्हणजे प्रिंट दोन प्रकारे चालते. एकीत चित्र थोडक्यांचं होतं, दुसरीत सगळ्यांचं. मी कॉलेजात पाटी लावून पहिला रस्ता धरला होता. चित्र मात्र उचललं होतं दुसऱ्या रस्त्यावरून, जे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या बायकांचं होतं.

उसनं की उचललेलं?

मी मास कॉमला असल्यामुळे माझ्याकडे लगेच एक भारी शब्द तयार होता, 'ॲप्रोप्रिएशन'. दुसऱ्याची प्रतिमा घ्यायची, तिला नव्या जागी ठेवायची आणि नवा अर्थ काढायचा. मैत्रिणीला मी तोच ऐकवला. कलेच्या इतिहासात याची मोठी परंपरा आहे, खोटं नाही. मार्सेल द्युशाँने १९१९ मध्ये मोनालिसाच्या छापील पोस्टकार्डावर मिश्या काढल्या. अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये सूपचे डबे जसेच्या तसे रंगवले. आपल्याकडे रणजित दहिया २०१२ पासून 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट'मधून मुंबईच्या भिंतींवर सिनेमाचे चेहरे रंगवतोय. वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवरचे दादासाहेब फाळके तुम्ही पाहिले असतील. सिनेमाच्या पोस्टरमधून, फोटोमधून उचललेली प्रतिमा परत रस्त्यावर आणायची, हीच त्यातली गंमत.

पण ही परंपरा कोर्टाच्या पायऱ्याही चढलेली आहे.

ओबामांचं ते लाल-निळं 'होप' पोस्टर आठवतं? २००८ मध्ये शेपर्ड फेअरी या स्ट्रीट आर्टिस्टने ते केलं. मूळ फोटो होता असोसिएटेड प्रेससाठी मॅनी गार्सियाने २००६ मध्ये काढलेला. ना परवानगी, ना नाव. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये तडजोडीने मिटलं. पण नेमका कोणता फोटो वापरला हे लपवायला फेअरीने पुरावे खोटे केले होते. त्यासाठी २०१२ मध्ये त्याला दोन वर्षांचं प्रोबेशन आणि २५ हजार डॉलरचा दंड झाला. लक्षात घ्या, शिक्षा झाली ती फोटो वापरल्याची नव्हे, लपवल्याची.

वॉरहॉलचं प्रकरण तर अजून बोलकं आहे. लिन गोल्डस्मिथ या फोटोग्राफरने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ मध्ये एका मासिकाने ४०० डॉलर देऊन तो एकदाच वापरायची परवानगी घेतली आणि वॉरहॉलने त्यावरून चित्र केलं. एक कबूल होतं, वॉरहॉलने केली मालिकाच. २०१६ मध्ये प्रिन्स गेला, तेव्हा त्या मालिकेतलं दुसरं एक चित्र मासिकात आलं. वॉरहॉल फाउंडेशनला दहा हजार डॉलर मिळाले. गोल्डस्मिथला शून्य, साधं नावही नाही. १८ मे २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी गोल्डस्मिथच्या बाजूने कौल दिला. कोर्टाने पाहिलं ते असं की दोघांच्या प्रतिमांचा वापर एकाच कामासाठी, मासिकात प्रिन्सचं चित्र म्हणून विकण्यासाठी होत होता. नुसतं 'मी त्यात माझी स्टाइल घातली' हे पुरेसं नाही.

हे वाचताना मला कोण आठवलं असेल? फ्लेक्सवाला क्लास! म्हटलं, बघा, कायदा माझ्या बाजूने आहे. मग मी भारताचा कायदा उघडला.

रस्त्यावर आहे म्हणून फुकट?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात चित्र काढलं की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. चित्रकार हयात असेपर्यंत आणि नंतर ६० वर्षं तो टिकतो. आता भिंतीचा प्रश्न. कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो किंवा चित्र काढून तुम्ही प्रसिद्ध करू शकता. पण रंगवलेल्या चित्राचा उल्लेख त्या ओळीत नाही. 'रस्त्यावर दिसलं, म्हणजे सगळ्यांचं' हे गणित कायद्यात इतकं सरळ बसत नाही.

मुंबईच्याच एका भिंतीवरून हे भांडण झालंय. मेक्सिकोची चित्रकार पाओला डेल्फिन हिने स्टार्ट इंडिया फाउंडेशनसाठी मुंबईत 'ह्युमॅनिटी' नावाचं म्युरल केलं. ॲको या विमा कंपनीच्या जाहिरातीत ते म्युरल झळकलं. फाउंडेशन आणि चित्रकार दिल्ली उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने, ही जाहिरातच आहे हे प्रथमदर्शनी नोंदवून, कंपनीला त्या ऑनलाइन पोस्ट काढून टाकायला सांगितलं. सेल्फी वेगळा, जाहिरात वेगळी.

आणखी एक कलम आहे ५७. चित्र विकलं तरी चित्रकाराचं नाव आणि चित्राची अब्रू यांवरचा त्याचा हक्क जात नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं कांस्य म्युरल दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं गेलं, तुकडे झाले. ते लढले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्युरलचे उरलेले भाग त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. मालक सरकार असलं तरी!

सगळं वाचून मी खूश. आणि मग तोच कायदा उलटा करून याडीसाठी वापरून पाहिला. तिथे तो हातातून निसटला. कॉपीराइटला कर्ता लागतो, एक माणूस, एक तारीख. फेटियावरचं भरतकाम कोणी, कधी 'तयार केलं'? आजीने आईला, आईने लेकीला दिलेलं. म्हणजे माझी दोन रात्रींची भिंत कायद्याला दिसते, पण तिच्या मागची शंभर वर्षं दिसत नाहीत.

ज्यांच्या भिंती, ज्यांच्या चपला

हे फक्त आमच्या तालुक्यात घडतं असं नाही. वारली चित्रं मुळात भिंतीचीच. लग्नघरात बायका तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा चौक लिहायच्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर, कापडावर आणून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारलीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. तरी बाजारातल्या वारली कुर्त्यांपैकी, उशांच्या अभ्र्यांपैकी किती डहाणू-तलासरीपर्यंत पैसे पोचवतात, हा प्रश्न दुकानात उभं राहून विचारून बघा. दुकानदार तुमच्याकडे विचित्र बघेल.

आणि कोल्हापुरी! जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने जवळपास तशीच चप्पल आणली, सुरुवातीला नुसतं 'लेदर सँडल' म्हणून. कोल्हापुरीला २०१९ मध्येच महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून जीआय मिळालेलं. गदारोळ झाला, मग कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका मात्र टिकली नाही, कारण याचिका करणारे त्या जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते. जीआयचं बळ मुख्यतः नावात असतं. नाव न घेता आकार उचलला तर काय, हे कोडं तसंच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांशी करार करून इथे दोन हजार जोड बनवायचं जाहीर केलं. किंमत साधारण ८०० युरो. आणि त्याला नाव काय? लिमिटेड एडिशन! शब्द तोच. फरक इतकाच की आता करणाऱ्यांचा पत्ता त्यावर आहे.

बंजारा भरतकामाचंही तसंच. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला जीआय आहे. आमच्या तालुक्यात पोहरादेवी, बंजारा समाजाची काशी. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. मी तिथे रील काढली होती. तरी 'वारसा' ही काचेच्या आतली गोष्ट आणि मैत्रिणीच्या घरी दोरीवर वाळत घातलेला फेटिया म्हणजे 'रेफरन्स इमेज', असंच माझ्या डोक्यात होतं.

जवळ बसून शिकली

शेवटी मी उरलेल्या चार प्रिंट घेऊन तांड्यावर गेले. याडीने एक प्रिंट हातात घेतली, लांब धरली, जवळ घेतली. म्हणाली, 'रंग चांगले उतरले.' मग बोट खाली नेलं. 'इथं तुहं नाव हाय. माहं कुठं हाय?'

मी चाचरत म्हटलं, याडी, हे डिझाइन तर सगळ्याच बायका करतात ना? तिने मान डोलावली. 'हाव. मी बी माह्या नणंदेपासून घेतलं. पण तिच्याजवळ बसून शिकली. तिनं दोनदा उसवाले लावलं, तवा जमलं. मी काय घेऊन चालली ते तिले माहीत व्हतं.'

जितके लेख मी वाचले त्यांतल्या कुठल्याच वाक्याने मला हे इतकं नीट सांगितलं नव्हतं. घेणं चूक नाही. सगळेच घेतात. ज्याचं घेतो त्याला माहीत आहे का आणि त्याच्याजवळ आपण कधी बसलो का, एवढंच.

एकवीस प्रिंट्सचे ४२०० आले होते. छपाईचे १५०० वजा जाता २७०० उरले. त्यातले १३५० मी तिच्यासमोर ठेवले. मला सिनेमासारखं वाटलं होतं, ती नको म्हणेल. ती नको म्हणाली नाही. पैसे मोजून कनवटीला लावले आणि म्हणाली, 'आता सांग, त्या फ्लेक्सवाल्याचं काय करते?'

त्या क्लासला मी पत्र दिलंय. फ्लेक्स उतरला. माफी वगैरे काही आली नाही. पण पत्रात या वेळी मी 'माझं डिझाइन' लिहिलं नाही. 'माझी भिंत आणि याडीचं भरतकाम' असं लिहिलं.

तुम्ही प्रिंट काढणार असाल तर

• मूळ प्रतिमा कुठून आली ते आधी स्वतःच्या वहीत लिहा. लिहायला लाज वाटत असेल तर तिथेच उत्तर आहे.

• जिवंत कलावंताचं काम असेल तर विकण्याआधी लेखी परवानगी घ्या. एक व्हॉट्सॲप मेसेज आणि त्याचं उत्तर, एवढंही काहीच नसण्यापेक्षा बरं.

• समाजाची कला असेल तर नुसतं 'ट्रायबल डिझाइन' लिहू नका. कोणता समाज, कोणतं गाव, कोणाकडून शिकलात ते लिहा.

• पैसे वाटून घ्यायचे ते आधी ठरवा, विकून झाल्यावर नाही.

• आकडा टाकलात तर शब्द पाळा. २५ म्हणजे २५.

हा शेवटचा मुद्दा मलाच नडला. नाव दुरुस्त करून त्याच चित्राच्या नव्या प्रिंट काढाव्यात असं वाटलं होतं, पण 'परत छापणार नाही' असं मीच पाटीवर लिहून बसले होते. जाळी तर केव्हाच धुतली गेली. उरलेल्या चार प्रिंट्सवर याडीचं नाव आता माझ्या नावाच्या वर आहे. एकवीस मात्र फक्त माझ्या सहीने कुठल्या कुठल्या खोल्यांमध्ये लटकताहेत.

त्यातली एखादी तुमच्याकडे असू शकते. फेस्टमध्ये दोनशे रुपयांना घेतलेली, लाल-पिवळी-निळी, मध्ये आरसा. असेल तर मला कळवा. याडीचं नाव मी इथे लिहीत नाही, तिनेच सांगितलंय, 'पेपरात नको, चित्रावर लिव्ह.' ते तुम्हाला कळवेन. तुम्ही फ्रेम उघडा आणि माझ्या सहीच्या वर जी जागा मोकळी आहे, तिथे पेन्सिलने लिहून टाका.